हात सोडला तरी चालणारी गाडी

भाऊ,

तुमच्या गाडीचं हँडल मी बदललं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण तुम्ही असता तर गाडी अंगणात यायच्या आधी ते तुमच्या नजरेला पडलं असतं, आणि मग रात्रीचं जेवण होईपर्यंत तुम्ही एक अक्षर बोलला नसता. आई तोंडाचा पट्टा सोडायची ते परवडायचं. तिचा राग घटकाभरात उतरायचा आणि वर भाकरीला लोणीही मिळायचं. बापाचं न बोलणं मात्र मला फार जड जायचं. तर आता काय रागवायचं ते रागवा, पण आधी माझं ऐकून घ्या. माझा उजवा खांदा आखडलाय. हात मागे जात नाही, वेणी घालता येत नाही, तिकीट खिडकीत एखाद्याने नोट जरा लांबून सरकवली तरी ती घ्यायला मला खुर्चीतून उठावं लागतं. डॉक्टर म्हणाले, पन्नाशीनंतर होतं असं, धीर धरा. धीर धरायला माझी ना नाही, पण वलवणहून लोणावळा स्टेशनपर्यंत रोज तुमच्या गाडीवर जायचं म्हणजे दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवून बसायचं, आणि उतरेपर्यंत खांद्यातून कळा येत राहतात. ऑफिसातल्या बायका म्हणतात, अहो, या वयात ती फटफट कशाला, चांगली हलकी स्कूटर घ्या. मी हो म्हणते आणि संध्याकाळी पुन्हा तुमच्याच गाडीला किक मारते.

त्या हँडलची गोष्ट मी मेकॅनिकला सांगितली नाही, कारण त्याला ती कळली नसती. मी पाळण्यात असताना तुमचा डावा हात चारा कापायच्या कुट्टीच्या मशीनमध्ये गेला. मधली दोन बोटं मुळापासून गेली आणि करंगळी वाकडी होऊन राहिली. उरलेल्या बोटांनी क्लच ओढता यायचा, तळव्याने हँडल दाबून धरता यायचं, पण त्या हाताने काही घट्ट पकडणं तुम्हाला कधी जमलं नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा तुम्ही उजव्यानेच धरायचात. तो तळव्याचा दाब नीट बसावा म्हणून तुम्ही कामशेतच्या वेल्डरकडे जाऊन हँडल तापवून दोन्हीकडून आत वाकवून घेतलंत. बैलाची शिंगं आत वळावीत तसं ते दिसायचं. गावातली माणसं हसायची आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर हसायचात. म्हणजे ते हँडल गाडीचं कमी आणि तुमच्या हाताचंच जास्त होतं. म्हणूनच बदलताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. नवं हँडल उंच, रुंद आणि चकचकीत आहे, मूठ तेवढी त्यावर जुनीच बसवलीय. जुनं मी गॅरेजमध्ये टाकू दिलं नाही, फडक्यात गुंडाळून घरी आणलं.

गाडी बघितली की मला आधी आठवते ती दुपार. तसं तर सकाळही आठवायला हवी. अंधारात गोठ्यातला दिवा, तुम्ही धारा काढताय, आई कॅनची झाकणं फडक्याने आवळतेय, आणि मी दप्तर घेऊन उंबऱ्यावर डुलक्या घेतेय. आपल्या बेडशाची शाळा चौथीपर्यंत होती. पुढे पोरी घरी बसायच्या, नाहीतर कामशेतला चालत जायच्या. तुम्हाला दूध घालायला रोज लोणावळ्याला जायचंच होतं, म्हणून तुम्ही मला पाचवीत थेट तिथल्या शाळेत घातलंत. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन, मध्ये तुम्ही आणि मागे मी. हॉटेलं आणि बंगले यांचा रतीब शाळा भरायच्या सुमाराला उरकायचा. तुम्हाला घरी परतता आलं असतं, शेतात काम पडलेलं असायचं. पण तुम्ही थांबायचात. रतीबाच्याच एका हॉटेलच्या मागच्या दारी रिकामे कॅन धुऊन पालथे घालायचात आणि भिंतीला टेकून, टोपी डोळ्यांवर ओढून बसायचात. बाराच्या सुमाराला मी शाळेतून पळत यायचे. मला बघून तुम्ही फक्त टोपी सरळ करायचात. तेवढंच तुमचं स्वागत.

मग निघण्याआधी एक काम ठरलेलं. तुम्ही खिशातून आठ आण्याचं नाणं काढायचात, हँडलपाशी वाकायचात आणि वेग द्यायच्या उजव्या मुठीखाली ते नाणं जरा फिरवायचात. आई दृष्ट काढताना गाईवरून, कधी माझ्यावरूनही पैसा ओवाळून टाकायची. तसंच काहीतरी तुम्ही गाडीला करता, असं मी धरून चालले होते. देवाधर्माच्या गोष्टी कुणी विचारत नाही, म्हणून मीही विचारलं नाही. नाणं खिशात टाकून तुम्ही किक मारायचात, मी मागे बसून तुमच्या पोटाभोवती हात घालायचे, आणि रिकाम्या कॅनच्या कड्या वाजवत आपण वलवणवरून खाली निघायचो. वरसोली मागे पडायची, कार्ला फाटा यायचा, आणि तिथपर्यंत मला झोप अनावर झालेली असायची. पहाटे चारला उठलेलं पोर ते. तुमच्या सदऱ्याला दुधाचा आणि पेंडीचा वास यायचा, पाठ उन्हाने तापलेली असायची. माझे हात सैल पडायला लागले की तुमचा उजवा हात मुठीवरून निघायचा, माझी दोन्ही मनगटं एकत्र धरायचा आणि तुमच्या पोटाशी दाबून ठेवायचा. आणि गाडी चालतच राहायची. जोर कमी नाही, जास्त नाही. पाथरगाव मागे जायचं, कामशेतच्या अलीकडे उतार लागला की हात परत मुठीवर जायचा आणि मी जागी व्हायचे.

मुठीवर हात नसताना गाडी कशी चालते, हे मी तुम्हाला एकदा विचारलं होतं. तुम्ही मागे न बघताच म्हणालात, "तिला वाट ठाव हाय. बैलाला शिकवावी लागती का घरची वाट?" मला ते शंभर टक्के पटलं. मी 'आमची गाडी' या निबंधात तसंच लिहिलं, की आमच्या गाडीला घर माहीत आहे, ती माझ्या वडिलांना हात सोडू देते. बाईंनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला आणि विचारलं, गाडीला डोळे असतात का गं? सगळा वर्ग खिदळला. दुपारी मी रडत रडत तुमच्याकडे आले. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, मला पाणी प्यायला दिलंत आणि म्हणालात, "खरं हाय ते. पन समदं खरं लिवायचं नसतं." एवढं म्हणून वाकलात आणि नाणं फिरवलंत.

आता इकडची हकिगत. हँडल बसवलं त्या दिवशीच मूठ मला जड लागली. मेकॅनिक म्हणाला, "दांडा नवीन आहे मॅडम, मूठ दोन दिवसांत मोकळी होईल." पोरगा चांगला आहे, कामसू आहे, पण 'मोकळी होईल' हे तो दर वेळी म्हणतो. दुसऱ्या दिवशी स्टेशनवरून घरी येताना, वलवणच्या वळणाशी मी मूठ सोडली आणि गाडी हळू झालीच नाही. मूठ जिथे होती तिथेच राहिली. मी ब्रेक दाबला तर गाडी खाली दबून पुढे रेटतेय, क्लच ओढला तर इंजिन गळा काढून ओरडतंय. समोर एका बंगल्याचं बांबूचं कुंपण होतं, त्यात मी शिरले. बांबू कुजके होते म्हणून वाचले. चावी बंद करून मी त्या कुंपणातच बसून राहिले. बंगल्याचा माळी धावत आला आणि आधी त्याने गुलाबांची कुंडी बघितली, मग मला विचारलं, "मावशी, लागलं का हो?" लागलं काही नव्हतं.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तशातली गत. बातमी बेडशाला पोचायला वेळ लागला नाही. तुमचा धाकटा लेक, आता तोही आजोबा होईल पुढच्या वर्षी, संध्याकाळी दारात हजर. आधी आईच्या पाया पडला, मग गाडीभोवती एक फेरी मारली आणि माझ्यापुढे उभा राहिला. "आक्का, बास झालं आता. हाडं मोडून घ्यायचीत का? आई हितं हाय, तिचं डोळ्याचं आपरेशन झालंय, तिला कोन बघंल?" मी म्हटलं, दुरुस्त करून घेते. तो म्हणाला, "त्या पवनेकडच्या रिसॉर्टवाल्याला म्या शब्द दिलाय. रविवारी टेम्पो येतोय त्याचा." तुम्हाला सांगते भाऊ, त्या रिसॉर्टवाल्याला गाडी चालवायची नाही. त्याला ती दारात उभी करायचीय. सीटवर कुंड्या, कॅनमध्ये फुलं, आणि मुंबईहून आलेली माणसं तिच्यावर तंगड्या टाकून फोटो काढणार. त्याने बैलगाडी आधीच मिळवलीय, नांगर मिळवलाय, आता आपली गाडी. मी धाकट्यावर ओरडले. तोही ओरडला, आणि ओरडता ओरडता त्याचे डोळे भरले. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "म्या भाऊंची गाडी इकतोय व्हय? तुला जपतोय." त्याच्या म्हणण्यात खोट नव्हती. शेवटी असं ठरलं की रविवारपर्यंत मूठ सरळ झाली तर गाडी माझ्याकडे, नाहीतर टेम्पो.

मेकॅनिकने त्याला येत होतं ते सगळं केलं. तो म्हणाला, हँडल उंच झालं म्हणून ॲक्सिलरेटरची वायर ताणली जातेय. मला ते पटलं. त्याने लांब वायर आणून टाकीखालून नव्या वळणाने घातली, तिला तेल पाजलं. मूठ तशीच. मग म्हणाला, दांड्याच्या टोकाला मुठीचं रबर घासतंय. रबर कापलं, टोक कानशीने गुळगुळीत केलं. मूठ तशीच. वायर मोकळी सोडली की सुळकन मागेपुढे व्हायची, म्हणजे वायरचा दोष नव्हता. मुठीत वायर अडकवली की घट्ट, तुम्ही फिरवाल तिथे ठाण मांडून बसायची. शुक्रवारी त्याने हात टेकले. "मॅडम, जुनं हँडल परत टाकू का? त्याच्यावर चालत होती ना व्यवस्थित." चालत होती, खरंच. पण जुनं टाकलं की खांदा गेला, आणि नवं ठेवलं की गाडी गेली. मी गाडी ढकलत घरी आणली. वलवणचा चढ, एक हात कामातून गेलेला, आणि मागे पर्यटकांच्या मोटारी हॉर्न वाजवतायत. तेव्हा मला तुमचा रागच आला होता. ऐन गरजेला माणूस नसतं म्हणजे काय, असं मी त्या चढावर मोठ्याने म्हणाले.

शनिवारी मला सुट्टी होती. सकाळी उन्हात गाडी अंगणात घेतली आणि मीच बसले पाने घेऊन. आई ओट्यावर काळा चष्मा लावून पावट्याच्या शेंगा सोलत होती. डॉक्टरांनी तिला डोळ्यांना ताण द्यायचा नाही म्हणून बजावलंय, तर ती म्हणते शेंगा म्या हातानं सोलते, डोळ्यानं न्हाई. मी मूठ खोलते, पुसते, परत लावते, ती अडकते. असं कितीदा झाल्यावर मी फडकं फेकलं आणि म्हटलं, जाऊ दे, आता इंजिनच्या मागचा तो कार्बुरेटर नवा घालते, त्याशिवाय गत्यंतर नाही. आई शेंग मोडत म्हणाली, "तू आन् तुजा खर्च. तुज्या बापानं त्या गाडीवर कदी आठाणा घालवला न्हाई. चिकट मानूस."

"आठाणाच का गं?" मी सहज विचारलं.

"मंग? रोज निगताना म्हनायचा, आठाणा दे, पोरगी हाय संगं. मला वाटायचं, तुला पेपरमिट घिऊन देतोय. आन् घरी आला की आठाणा परत कोनाड्यात! रोज न्यायचा आन् रोज मागारी आनायचा. पोरीच्या म्होरं नुसतं नानं वाजवायचं आन् द्यायचं काय न्हाई. असला कवडीचुंबक."

"तू विचारलं नाहीस त्यांना?"

"इचारलं की. म्हनला, लागंल म्हून नेतो. कशाला लागंल, त्ये त्याचं त्याला ठाव. मंग तू कालेजात जाया लागलीस रेल्वेनं, आन् त्याचं मागायचं थांबलं. म्या म्हनलं, बरं झालं, पोरगी मोटी झाली, पेपरमिटचं याड सुटलं."

ती पुढे पावट्याबद्दल काहीतरी बोलत होती. माझं लक्ष नव्हतं. मला तुम्ही दिसत होतात, त्या हॉटेलच्या मागे वाकलेले, नाणं मुठीखाली. आईला वाटलं पेपरमिट, मला वाटली दृष्ट, आणि तुम्ही दोघींनाही तसंच वाटू दिलंत. मी गुडघे टेकले, मान तिरकी करून उजव्या मुठीखाली बघितलं. तिथे ग्रीस आणि धूळ यांचा काळा थर होता, मेकॅनिकनेही तो तसाच ठेवलेला. नखाने खरवडला तर आत एक स्क्रू. त्याची खाच घासून रुंद आणि गुळगुळीत झालेली. स्क्रूड्रायव्हर लावला तर तो आतल्या आत फिरला. मग मी उठले आणि आईला म्हटलं, "आई, एक रुपया दे."

"कशाला?"

"लागेल म्हणून."

नाणं त्या खाचेत असं बसलं की जणू तिथलंच. मी जोर लावून ते उलटं फिरवलं, थोडंसंच, आणि मूठ टक्कन आपल्या जागी परत गेली. पुन्हा आवळलं, तर मूठ जिथे सोडाल तिथे थांबली. सैल केलं, परत गेली. मी लहान पोरीसारखी ते करतच बसले. मग घरात जाऊन तुमचं जुनं हँडल फडक्यातून काढलं. उजव्या टोकाला, जिथे मूठ बसायची, तिथे लोखंड सबंध गोल झिजून बारीक झालंय, बोटाला कळतं. तेव्हा सगळा उलगडा झाला. स्क्रू मुठीला दांड्यावर आवळून धरतो. तुम्ही रोज तो पिळायचात, रोज दांडा जरासा झिजायचा, म्हणून दुसऱ्या दिवशी जरा जास्त पिळायचात. वर्षानुवर्षं तसं होत होत स्क्रू पार आत गेला आणि शेवटच्या पिळानंतर दांडा इतका झिजला की त्याची पकडच उरली नाही. मग सोडायचीही गरज उरली नाही. तो तसाच राहून गेला, धाकट्याने गाडी चालवली, मी चालवली, कुणाला पत्ता नाही. मी नवा, पूर्ण जाडीचा दांडा घातला आणि तुमचा तो शेवटचा पीळ पुन्हा लागू झाला. माझ्या शाळेचा शेवटचा दिवस असेल तो. त्या दुपारी तुम्ही जेवढा आवळला होतात, तेवढाच माझ्या हातात आला.

गाडीला वाट ठाऊक नव्हती तर. पकडता येईल असा तुमच्याकडे एकच हात होता, आणि तो मुठीवर अडकलेला. म्हणून तुम्ही मुठीलाच धरून ठेवलंत आणि हात माझ्यासाठी मोकळा करून घेतलात. भाऊ, किती धोक्याचं होतं ते! हायवेवर, समोरून मालट्रक येतायत, डाव्या हाताला दोन बोटं नाहीत, आणि मागे झोपलेली पोर. माझ्या मुलाने असलं काही केलं असतं तर मी त्याला गाडीची चावी पुन्हा दाखवली नसती. हे मी तुम्हाला रागाने लिहितेय असं समजा. अंगणात मात्र मी त्या गाडीच्या सीटवर डोकं ठेवून रडले. आई म्हणाली, "न्हाई व्हत दुरुस्त तर ऱ्हाऊ दे. लोखंडापायी रडतीस?" मी म्हटलं, झाली दुरुस्त. ती म्हणाली, "मंग त रडूच नगं." तिला मी पेपरमिटचं अजून सांगितलं नाही. इतकी वर्षं तिने तुम्हाला कवडीचुंबक म्हणण्यात काढली, तो आनंद तिच्याकडून एकदम कसा काढून घ्यायचा? सांगेन सावकाश, डोळा बरा झाला की.

रविवारी सकाळी, टेम्पो यायच्या आधी, मी एक गोष्ट केली. ती धाकट्याला कळली तर तो गाडी स्वतः उचलून नेईल. नाण्याने स्क्रू पुन्हा आवळला आणि वलवणच्या धरणाकडच्या सरळ रस्त्यावर गाडी नेली. रस्ता रिकामा होता, थंडी होती, पाण्यावर धुकं. गाडी बेताच्या चालीवर आणली आणि उजवा हात मुठीवरून उचलला. गाडी चालत राहिली. जोर कमी नाही, जास्त नाही, तीच चाल. आणि माझा हात रिकामा, वाऱ्यात. तो कुठे ठेवायचा ते मला कळेना. मागे न्यावा तर खांदा मागे जात नाही, आणि गेला असता तरी मागे कुणी नव्हतं. थोडा वेळ मी तो पोटाशी धरला, तुम्ही माझी मनगटं धरायचात तिथे. मग चावी बंद केली. गाडी आपोआप हळू होत थांबली. मला तुमची इतकी आठवण आली, भाऊ, की थोडा वेळ मी तिथेच पाय टेकून बसले. आठवण रोजच येते, त्यात विशेष काही नाही. पण त्या दिवशी तुम्ही हवे होतात. पुढे बसायला हवे होतात.

तिथेच उतरून मी स्क्रू सोडला, पूर्ण सोडला. धाकटा आला तेव्हा त्याने स्वतः गाडी पार वरसोलीपर्यंत नेऊन आणली, दहा वेळा मूठ फिरवून सोडून बघितली. प्रत्येक वेळी ती टक्कन परत गेली. टेम्पोवाल्याला चहा पाजून रिकाम्या हाती पाठवलं. धाकटा जाताना म्हणाला, "काय व्हतं गं?" मी म्हटलं, एक स्क्रू जास्त आवळला गेला होता. तो म्हणाला, "त्या पोराचं कामच तसलं." मेकॅनिकच्या माथी उगाच आळ आला खरा. त्याला मी नंतर स्क्रू दाखवला, तर तो डोळे मोठे करून म्हणाला, मला वाटलं मूठ हँडलला आवळणाऱ्या क्लॅम्पचाच आहे. खांद्याचं दुखणं आता बरंच उतरलंय. नव्या हँडलवर मी ताठ बसते, ऑफिसातल्या बायका म्हणतात, इन्स्पेक्टर दिसता.

हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाहीये. पत्ता घालायचा तर बेडशाचाच घालावा लागेल, पोस्टमन धाकट्याच्या हातात देईल आणि तो इथे येऊन आईला मोठ्याने वाचून दाखवेल, धरणाच्या रस्त्यासकट. तेव्हा इथेच राहू दे. शिवाय पुढचं जे आहे ते त्या दोघांनी ऐकण्यासारखं नाही.

तुम्ही नाणं निघायच्या आधीच फिरवायचात, भाऊ. हॉटेलच्या मागे, मी टक्क जागी, दप्तर पाठीला लावून तुमच्यासमोर उभी असताना. म्हणजे पुढे मी झोपणार हे तुम्ही रोज धरूनच निघायचात. पाचवीतल्या पोरीचं ठीक होतं. पण दहावीतली माझ्यासारखी घोडी रोज नेमकी कार्ला फाट्यापुढे झोपते आणि कामशेतच्या उताराला जागी होते, हे तुम्हाला खरं वाटत होतं का? तुम्ही काही बोलला नाहीत, शेवटच्या दिवसापर्यंत आठाणा मागून घेत राहिलात. सहावीनंतर मी झोपत नव्हते. फाटा गेला की डोळे मिटायचे, हात मुद्दाम सैल सोडायचे, आणि तुमचा हात यायचा.